दुसऱ्या ठोक्याला

चाप ओढला आणि नुसतं ‘टिक्’ झालं. खांद्याला धक्का नाही, धूर नाही, शंभर मीटरवरच्या कागदावर नवं भोक नाही. कानांवरच्या कपांतून माझाच श्वास मला ऐकू येत होता. अर्धा सोडून रोखून धरलेला तो श्वास घशाशी तसाच अडकून राहिला. रायफलचं टोक किंचित खाली झुकलं. म्हणजे धक्का येणार हे गृहीत धरून मी खांदा आधीच पुढे रेटत होतो. एरवी आवाजात लपून जाणारी ही खोड त्या शांततेत मला स्वच्छ दिसली. पण तेव्हा तिचा विचार करायला वेळ नव्हता. बोट चापावरून काढलं, नळी निशाणाकडेच ठेवली आणि मोजायला लागलो. एक, दोन, तीन.

हे मोजणं नवशिक्याला फार जड जातं, कारण हात आपोआप बोल्टकडे, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या खिट्टीकडे, धावतो. काय झालं ते बघायचं असतं. पण कधी कधी ठिणगी पडलेली असते आणि दारू उशिरा पेट घेते. बार उडतो, पण रेंगाळून. बहुतेक वेळा हा उशीर डोळ्याची पापणी लवण्याइतकाच असतो, तरी ‘बहुतेक’ या शब्दावर कुणी आपले डोळे गहाण टाकू नयेत. बोल्ट उघडला आणि त्याच क्षणी दारूने पेट घेतला, तर पुंगळीला, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाला, ते जिथे बसतं त्या चेंबरच्या पोलादी भिंतींचा आधार उरत नाही आणि पितळेच्या चिंधड्या तोंडासमोर उडतात. म्हणून किमान ३० सेकंद थांबायचं. मी ६० मोजतो. त्या दिवशीही मोजले. शेजारच्या जागेवरचा माणूस दोन बार काढून माझ्याकडे बघायला लागला होता.

बोल्ट उघडून काडतूस तळहातावर घेतलं. त्याच्या बुडाशी प्रायमर असतो, ठोका बसताच पेटून दारूला पेटवणारी छोटीशी टोपी. त्या प्रायमरच्या मधोमध, त्याच्यावर आदळणाऱ्या फायरिंग पिनचा ठसा होता. गोल, स्वच्छ, पण जरा उथळ. काडतूस थोडं फिरवून पुन्हा चेंबरमध्ये सरकवलं, बोल्ट लावला, चाप ओढला. बार उडाला. गोळी आधीच्या चार भोकांना लागूनच गेली, जणू काही झालंच नव्हतं. शेजारचा म्हणाला, “उडाला ना शेवटी? मग झालं तर.” मी मान हलवली आणि उरलेली काडतुसं डब्यात परत ठेवायला लागलो. सकाळ अजून अर्धीही सरली नव्हती, वारा पडलेला होता, उजेड छान होता. तरी पुढचं एकही काडतूस भरायची माझी इच्छा उरली नव्हती.

उडाला, हेच मला खुपत होतं.

मुळीच उडाला नसता तर समजूत काढता आली असती. प्रायमर मेलेला होता, कारखान्यातूनच तसा आला असेल, हजारांत एखादा निघतो. पण पहिल्या ठोक्याला गप्प बसलेला प्रायमर दुसऱ्या ठोक्याला बिनतक्रार पेटतो, तेव्हा तो मेलेला नव्हता. त्याच्यातलं रसायन ठणठणीत होतं. चूक त्याला बसवणाऱ्या हाताची होती, आणि तो हात माझा होता. ही काडतुसं मी स्वतः भरलेली होती, उडालेल्या रिकाम्या पुंगळ्यांत नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवून. आदल्या आठवड्यात, एका संध्याकाळी, टेबलावर दिवा लावून, पन्नासच्या पन्नास.

आपल्या भाषेत ‘फुसका बार’ हा शब्द इतका रुळलाय, की त्यामागची बंदूक आता कुणाला दिसत नाही. भाषण फुसका बार ठरतं, मोर्चा फुसका बार ठरतो. ‘ठासून भरलेला’ म्हणताना दारू आणि गोळी गजाने नळीत ठासणारा माणूस डोळ्यांपुढे येत नाही. ‘रंजक’ हा शब्द तर बहुतेकांना मनोरंजनापुरताच माहीत आहे. बंदुकीच्या कानावर जी चिमूटभर बारीक दारू घालत, तीही रंजकच. तिच्यावर ठिणगी पडायची, ती भपकन पेटायची आणि कानाच्या भोकातून आत शिरलेली ज्वाळा मोठ्या दारूला पेटवायची. रंजक ओली झाली, वाऱ्याने उडाली, भोक काजळीने बुजलं, की सगळी तयारी फुकट. ठासणीची बंदूक हातात न घेतलेली आपण माणसं तिचे शब्द रोज वापरतो. मला मात्र आता ‘फुसका बार’ ऐकलं की तळहातावरचा तो उथळ ठसा आठवतो.

रंजकीच्या या कटकटीला कंटाळूनच प्रायमरची कल्पना निघाली. अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा पाद्री. त्याला पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटल्याचा भपका आधी दिसायचा आणि बार मागून उडायचा. तेवढ्या अवधीत पक्षी सावध होऊन निसटायचे. त्याने ठिणगीच्या जागी ठोका आणला. आघात होताच पेटणारं रसायन, आणि त्यावर आपटणारा घोडा. १८०७ साली त्याने पेटंट घेतलं. पुढे ते रसायन तांब्याच्या टोपीत शिरलं, मग टोपी पुंगळीच्या बुडात शिरली. १८६६ साली दोन लष्करी माणसांनी दोन निरनिराळ्या रीतींची पेटंटं घेतली. इंग्रज बॉक्सर आणि अमेरिकी बर्डन. गंमत अशी, की आज अमेरिकेत इंग्रजाची रीत चालते आणि युरोपातल्या कितीतरी पुंगळ्यांत अमेरिकी माणसाची. दोघांत फरक ऐरणीचा, म्हणजे ज्या टोकावर रसायन चिरडलं जातं त्याचा. बर्डनच्या रीतीत ती पुंगळीच्याच बुडात घडवलेली असते आणि ज्वाळेला सहसा दोन बारीक भोकं असतात. बॉक्सरच्या रीतीत ऐरण प्रायमरच्या पोटात असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक असतं. त्या भोकातून सुई घातली की जुना प्रायमर बाहेर ढकलता येतो. हातभरणी करणारे आम्ही लोक बॉक्सरचे ऋणी आहोत ते या एका भोकासाठी.

ऐरण हा शब्द मी मुद्दाम वापरतोय, कारण सगळा मामला तिच्यापाशीच येऊन थांबतो. मोठ्या रायफल काडतुसाचा प्रायमर ०.२१० इंच व्यासाचा, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. शर्टाच्या बटणापेक्षा लहान. पितळेची छोटीशी वाटी, तिच्या तळाशी थापलेला रसायनाचा पातळ थर, आणि वाटीच्या तोंडाशी बसवलेली तीन पायांची इवलीशी ऐरण. चिमट्यात धरून भिंगाखाली पाहिलं तर उपड्या ठेवलेल्या तिवईसारखी दिसते. पिन बाहेरून वाटीच्या बुडावर आदळते, बूड आत दबतं, आणि रसायन बूड व ऐरण यांच्यामध्ये चिरडलं जातं. चिरडलं गेलं तरच पेटतं. पण त्यासाठी ऐरण हलता कामा नये. तिचे पाय पुंगळीतल्या खळग्याच्या तळाला घट्ट टेकलेले हवेत. लोहाराने ऐरण गादीवर ठेवली तर घण बसेल का? प्रायमर खळग्यात अर्धवट बसला असेल तर नेमकं हेच होतं. पिनचा पहिला मार प्रायमरला आत ढकलण्यात खर्ची पडतो. ठसा उमटतो, पण उथळ. आता प्रायमर तळाला टेकला, ऐरणीला आधार मिळाला, आणि दुसरा मार त्याला चिरडतो. माझं जे काम हाताने पुरं व्हायला हवं होतं, ते बंदुकीच्या पिनने पुरं केलं.

घरी आल्यावर उरलेली ४१ काडतुसं टेबलावर मांडली. जाड सपाट काचेच्या तुकड्यावर एकेक उभं करत गेलो. प्रायमर बुडाच्या पातळीच्या वर आला असेल तर काडतूस काचेवर डुगडुगतं. डोळ्याला न दिसणारी गोष्ट काच लगेच सांगते. मग उजव्या तर्जनीचं टोक प्रत्येकाच्या बुडावरून हलकेच फिरवलं. नीट बसलेला प्रायमर बोटाला किंचित खोलगट लागतो. पातळीच्या ०.००३ ते ०.००५ इंच खाली, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. एवढासा फरक बोटाला कळतो यावर माझा पूर्वी विश्वास नव्हता. आता आहे. तीन काडतुसं काचेवर डुगडुगली आणि तीच तीन बोटालाही खुपली. मापकाने मोजलं तर वर आलेले. बुडावरची अक्षरं वाचली आणि पोटात गोळा आला. तिन्हींवर वर्तुळातल्या क्रूसाचा नाटोचा, म्हणजे लष्करी पुंगळ्यांवरचा, शिक्का होता. पन्नासांतली ती माझी नेहमीची पुंगळी नव्हतीच. सकाळी दुसऱ्या ठोक्याला उडालेली पुंगळी खिशातून काढली. तिच्यावरही तोच शिक्का.

लष्करी काडतुसांत प्रायमर हादऱ्याने सुटू नये म्हणून खळग्याची कड त्याच्यावर दाबून बसवतात. तिला क्रिंप म्हणतात. जुना प्रायमर सुई घालून काढला तरी ती दाबलेली कड मागे उरते, आणि नवा प्रायमर आत जाताना तिच्यावर अडतो. कधी तिरका जातो, कधी कडेला सोललेल्या पितळेचा केसाएवढा तुकडा निघतो, कधी वाटी चेपते, आणि कधी वरवर ठीक दिसतो पण तळापर्यंत पोचलेलाच नसतो. म्हणून आधी ती कड छाटून किंवा दाबून मोकळी करायची असते. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. एका मित्राने दिलेल्या पिशवीतल्या लष्करी पुंगळ्या वेगळ्या डब्यात काढायच्या, त्यांच्या कडा छाटायच्या, हेही ठरलेलं होतं. त्या वेगळ्या ठेवायचं आणखी एक कारण होतं. लष्करी पुंगळीचं पितळ बरेचदा जाड असतं, त्यामुळे आत जागा कमी. तेवढ्याच दारूला तिच्यात जास्त दाब चढू शकतो. म्हणजे माझ्या हातून एक नाही, दोन चुका झाल्या होत्या, आणि पहिली दुसरीला झाकत होती.

त्या संध्याकाळी काय चाललं होतं, ते आठवायला फार वेळ लागला नाही. ताईचा फोन होता. फोन स्पीकरवर टाकून दिव्याच्या बुंध्याशी टेकवून ठेवलेला. ती आईच्या शिवणयंत्राबद्दल बोलत होती. आई गेल्यापासून ते तिच्याकडेच आहे, वापरात नाही, जागा अडवतं, एक जण न्यायला तयार आहे, देऊन टाकू का. मी “हं” म्हणत होतो. डाव्या हातात पुंगळी, उजव्या हातात प्रायमर बसवायचं पकडीसारखं अवजार. “हं.” अंगठा दाबला. “बघ तू.” पुढची पुंगळी. ती मध्येच थांबली, बहुधा माझ्या उत्तराची वाट बघत असेल, आणि मी म्हणालो, “चालेल, तुला योग्य वाटेल तसं कर.” फोन ठेवल्यावर मी काय मान्य केलं ते मला धड आठवत नव्हतं. त्या बोलण्याच्या भरात हात पिशवीत गेला की डब्यात, हेही नाही. पण एक गोष्ट आठवते आणि ती मला अजून टोचते. तीन-चार वेळा अंगठ्याखाली अवजार अडलं होतं. नेहमीचा गुळगुळीत सरकाव आणि शेवटी तळाला टेकल्याचा तो मऊ पण ठाम थांबा, असं झालं नव्हतं. आधीच काहीतरी कडक लागलं, आणि ‘बसला’ असं समजून मी पुढे गेलो.

अंगठ्याने सांगितलं होतं.

मला हे काम शिकवणारे काका, त्यांच्यापाशी पहिले दोन आठवडे मी दारूला हातच लावला नाही. नुसत्या रिकाम्या पुंगळ्या आणि प्रायमर. खोलीत रेडिओ बंद, पंखा बंद. ते म्हणाले, “डोळे मिट आणि बसव. बसला की तोंडाने ‘बसला’ म्हण.” मी डोळे मिटून पन्नास प्रायमर बसवले आणि पन्नास वेळा ‘बसला’ म्हणालो. मग त्यांनी सगळ्या पुंगळ्यांवरून बोट फिरवलं आणि सहा बाजूला काढल्या. “या सहा वेळी तू जरा लवकर बोललास.” बसल्याचं कळण्याआधी बसल्यासारखं वाटण्याचा एक क्षण असतो, त्या क्षणी तोंड उघडायचं नाही, एवढंच त्यांना शिकवायचं होतं. त्यांचं अवजार साधं हाताचं होतं. टेबलाला जोडलेल्या मोठ्या दांड्याच्या यंत्राने काम भराभर होतं, पण लांब दांड्याला जोर इतका असतो की अडथळा हाताला कळतच नाही. मीही म्हणून हाताचंच वापरतो. ज्याला घाई आहे त्याने दांडा वापरावा, माझी हरकत नाही. पण निदान प्रायमर तरी हाताने बसवावेत असं माझं आजही ठाम मत आहे.

बार न उडण्याची कारणं आणखीही असतात आणि मी ती प्रत्येक वेळी तपासतो, कारण आपल्याला आवडणारं पहिलं कारण हेच खरं कारण, असं मानणं धोक्याचं असतं. बोल्टमध्ये जुनं ग्रीस थिजलेलं असेल किंवा स्प्रिंग दमलेली असेल तर पिनचा मारच हलका पडतो. तेव्हा कारखान्याची काडतुसंही रुसतात आणि दोष भरणाऱ्याच्या माथी येतो. पुंगळीला डायमध्ये, म्हणजे साच्यात, आकार देताना तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, गरजेपेक्षा मागे ढकलला, तर चेंबरमध्ये ती सैल राहते आणि पिनच्या माराने पेटायच्या ऐवजी पुढे सरकते. खळग्याच्या तळाशी जुनी काजळी साचलेली असते. पुंगळ्या साफ करायला वापरलेल्या अक्रोडाच्या कवचाच्या भुग्याचा एखादा कण दोन मिलिमीटरच्या ज्वालाभोकात अडकून बसतो. दिव्यासमोर धरून आरपार उजेड दिसतो का ते पाहिलं की कळतं. पाण्याने धुतलेल्या पुंगळ्या बाहेरून कोरड्या ठणठणीत वाटतात आणि खळग्याच्या कोपऱ्यात थेंब असतो. तेलकट बोटं नकोतच. पिस्तुलाचे मोठे प्रायमर आणि रायफलचे मोठे प्रायमर व्यासाला सारखे पण उंचीला वेगळे. टेबलावर दोन्ही एकदम काढणाऱ्याने आधी एक आत ठेवून यावा.

उडालेले प्रायमर वाचणारेही पुष्कळ आहेत. पुंगळी उचलायची, बूड उजेडाकडे धरायचं आणि दाबाचं निदान सांगायचं. कडा सपाट झाल्या म्हणजे दाब जास्त, ठशाभोवती वळी उठली म्हणजे दाब जास्त. मला हे फार घाईचं वाटतं. ठशाभोवती वळी उठते ती पिनचं भोक मोठं असल्यानेही. खांदा मागे ढकललेल्या पुंगळीत प्रायमर आधी मागे सरकतो, मग पुंगळीचं बूड मागे येऊन त्याला चेपतं, आणि अगदी सौम्य बारातही तो सपाट दिसतो. ठसा आरपार फुटला असेल, खळगा ढिला झाला असेल, प्रायमर गळून पडला असेल, तर मात्र दुसरा विचार नको; थांबायचं, आणि भरणी कमी करून पुन्हा तळापासून सुरुवात करायची. प्रायमरचा प्रकार बदलला तरी तसंच. कारण त्याची ज्वाळा बदलली की दाबही बदलतो.

पण त्या रात्री मला झोप लागली नाही ती या सगळ्यामुळे नाही. माझी रायफल बोल्टची. तिच्यात वर आलेला प्रायमर ‘टिक्’ करून थांबला. स्वयंभरणीच्या, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये घेणाऱ्या, कित्येक रायफलींत फायरिंग पिनला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. ती मोकळी असते. एम-१ गॅरंड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलीत तसंच आहे. बोल्ट जोरात पुढे येतो, नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो, आणि मोकळी पिन स्वतःच्या वेगाने पुढे येऊन प्रायमरला हलकी टिचकी मारते. प्रायमरवर त्याचा बारीकसा ठिपकाही उमटतो. प्रायमर नीट खाली बसलेला असेल तर काही होत नाही. वर आलेला असेल तर चापाला बोटही न लागता बार उडू शकतो, आणि बोल्ट अजून पुरता बंदही नसेल. ज्या चुकीने माझ्या हातात बार उडाला नाही, त्याच चुकीने दुसऱ्याच्या हातात तो नको तेव्हा उडाला असता. शेजारच्या जागेवरच्या माणसाकडे तशीच रायफल होती. त्याच मापाची. मागच्याच महिन्यात त्याने माझी दहा काडतुसं मागितली होती आणि मी हसून म्हणालो होतो, देईन की.

तीन काडतुसं उलगडायची होती. भरलेल्या काडतुसातला प्रायमर पुन्हा दाबून खाली बसवायचा मोह अनेकांना होतो. तसं कधीही करू नये. आत दारू आहे, समोर गोळी आहे, आणि आपण रसायनावर जोर देतोय. त्यासाठी प्लास्टिकच्या हातोडीसारखं अवजार मिळतं. काडतूस तिच्या पोकळ डोक्यात अडकवायचं आणि लाकडी ठोकळ्यावर हातोडी आपटायची; काडतूस जागच्या जागी थांबतं, गोळी आपल्या वजनाने पुढे सुटते. दोन ठोके, तीन ठोके, मग आतून खळ्ळ असा आवाज येतो आणि डोक्याच्या पोटात गोळी आणि करडी-काळी दारू सांडलेली दिसते. मी चष्मा लावून तिन्ही उलगडली. लष्करी शिक्क्याची, पण नीट बसलेली आणखी दोन होती. तीही उलगडली, कारण आत जागा किती होती याची मला खात्री नव्हती. मग जिवंत प्रायमर मागे ढकलून काढायचे. फार सावकाश, धक्का न देता, तोंड बाजूला ठेवून, दांड्यावर नुसतं हाताचं वजन टाकत. पाचही निमूट निघाले. एकाच्या कडेवर पितळ सोललेलं होतं. चंद्रकोरीसारखी चकाकती रेघ, नखाने जाणवणारी.

ती रेघ पाहताना आईचं यंत्र आठवलं. पायाने चालवायचं, काळं, सोनेरी वेलबुट्टी झिजलेलं. टाके सुटायला लागले की आम्ही सुईला दोष द्यायचो, दोऱ्याला द्यायचो. आई यंत्राकडे बघायचीही नाही. डाव्या हाताचा पंजा कापडावर पसरलेला असायचा, आणि कापड जरा वेगळं सरकलं की तिचा पाय आपोआप थांबायचा. टाका सुटल्यावर नाही, सुटायच्या आधी. मग ती बॉबिन काढायची, दोऱ्याचा ताण बघायची, एखादी गुंतवळ चिमटीत धरून ओढायची. मी विचारायचो, तुला कसं कळलं? ती म्हणायची, “हाताला लागलं ना.” मला ते उत्तर तेव्हा अर्धवट वाटायचं. तिने काहीतरी सांगायचं राखून ठेवलंय असं वाटायचं.

पाचही पुंगळ्यांच्या कडा छाटायला बसलो. छाटणीचं टोक खळग्यात धरून फिरवलं की सुरुवातीला खरखरतं, मग पितळेची बारीक वळणदार साल निघते, मग एकदम आवाज बदलतो आणि टोक मोकळं फिरायला लागतं. तिथेच थांबायचं, पुढे गेलं तर खळगा ढिला होतो आणि पुंगळी वायाच जाते. छाटून झाल्यावर त्या पाच वेगळ्या डब्यात ठेवल्या. पिशवीत उरलेल्या पुंगळ्या काढून तीनदा चाळल्या. आणखी दोन नाटोच्या माझ्या पुंगळ्यांच्या ढिगात निघाल्या. मग कपाटातल्या जुन्या डब्या काढल्या, गेल्या सहा महिन्यांत भरलेलं प्रत्येक काडतूस काचेवर उभं केलं, प्रत्येकावरून बोट फिरवलं. दोनशेच्या वर होती. रात्रीचे अडीच वाजले. एकही डुगडुगलं नाही, तरी शेवटच्या काडतुसापर्यंत माझा हात सैल पडला नव्हता.

चार दिवसांनी पुन्हा टेबलावर बसलो. प्रायमरचा खाचांचा ट्रे हातात घेऊन हलवला. खाचांवरून टरटरत एकेक प्रायमर उलटा होतो आणि सगळ्या ऐरणी एका बाजूला येतात. ते बघायला मला नेहमीच आवडतं. नव्या प्रायमरची पेटी मूळ वेष्टनातच असते, लागतील तेवढेच बाहेर काढायचे. बरणीत ओतून ठेवलेले प्रायमर एक पेटला तर सगळे एकदम पेटू शकतात. वीस मोजून घेतले. डोळे मिटले. पहिला बसवला. सरकाव, मग थांबा, मग तळाला टेकल्यावर आणखी अगदी किंचित दाब. “बसला,” मी मोठ्याने म्हणालो, बऱ्याच वर्षांनी. दुसरा. तिसरा. सातव्याला जीभ उचलली गेली होती, पण बोललो नाही. अंगठा अजून पाव मिलिमीटर जायचा होता. तो गेला, आणि मग बोललो.

अकरावा हातात असताना फोन वाजला. ताईचं नाव दिसत होतं. आज तो माणूस यंत्र न्यायला येणार होता. मी अकरावी पुंगळी तशीच रिकामी ठेवली, ट्रेवर झाकण लावलं, झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं. फोन वाजायचा थांबला. उठून थंड पाण्याने हात धुतले, साबण लावून, नखांच्या खालूनसुद्धा, कारण प्रायमरच्या रसायनात शिसं असतं. टॉवेलने बोटं पुसली. दिवा बंद केला, दुसऱ्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलो आणि तिला फोन लावला.

“ताई,” मी म्हणालो, “यंत्राचं पुन्हा पहिल्यापासून सांग. त्या दिवशी मी ऐकलं नव्हतं.”

ती क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “मला माहीत होतं रे.”